लंडनच्या जत्रा, मिरवणुका, रांगा आणि आईला गड्डा (सोलापूरची सिद्धरामेश्वरांची यात्रा) दाखवायचाय

सातरस्ता | २ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. २०१० ते २०२३ लंडनला होते, आता कायमची सोलापूरला आलेय. धागा काढायचं कारण शेवटी सांगते, आधी तिथलं लिहिते, कारण त्याशिवाय मला काय विचारायचंय ते नीट कळणार नाही. जरा लांब झालंय, सांभाळून घ्या.

पहिलं दीड वर्ष मी लंडनमध्ये बाहेर अशी कुठं गेलेच नाही. ऑफिस, घर आणि शनिवारी वेम्बलीच्या ईलिंग रोडवर जाऊन मेथी-कोथिंबीर, संपलं. गर्दीची भीती नव्हती हो, गड्ड्यात वाढलेल्या पोरीला गर्दीची कसली भीती. पण आपण जत्रेला जातो ते कुणाचा तरी हात धरून, आईचा, मावशीचा, नाहीतर चार मैत्रिणींचा. एकटं जत्रेला जायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

२०११ च्या ३१ डिसेंबरला ऑफिसातल्या एकीबरोबर थेम्सच्या काठावर आतषबाजी बघायला गेले. तेव्हा तिकीट नव्हतं, ते २०१४ पासून सुरू झालं, पहिल्या वर्षी १० पौंड होतं. आम्ही संध्याकाळी पाचला जाऊन उभ्या राहिलो ते रात्री बारापर्यंत. एकदा जागा धरली की हलायचं नाही, त्यामुळं दुपारपासून पाणी प्यायलं नव्हतं आणि सात तास थंडीत पाय बधिर. मग बिग बेनचे टोले पडले, लंडन आयच्या मोठ्या पाळण्यामधनं शोभेची दारू उडायला लागली, दहा-बारा मिनिटं नुसता उजेड, आणि माझ्या डोळ्यांसमोर गड्ड्याचं होम मैदान आलं, १६ जानेवारीची शोभेची दारू, बाबांच्या खांद्यावर बसून बघितलेली. परत जाताना त्या रात्री ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, फुकट असते म्हणून तिथं लाखभर माणसं, तरी सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभं राहायचं आणि डावीकडनं चालणाऱ्यांना वाट द्यायची हे कुणी सोडलं नव्हतं. ते मी कितीतरी दिवस आठवत होते.

मग मी एकटी जायला लागले. २०१२ च्या उन्हाळ्यात प्रॉम्सला गेले, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. १८९५ पासून चालू असलेला संगीताचा महोत्सव आहे, जुलै ते सप्टेंबर रोज कार्यक्रम. तिथली एक गोष्ट मला फार आवडली. स्टेजच्या अगदी पुढची जी मोकळी जागा, तिथं खुर्च्या काढून टाकतात आणि ती उभं राहणाऱ्यांना देतात, सगळ्यात स्वस्त तिकिटात. तेव्हा ५ पौंड होतं. म्हणजे ज्याच्याकडं पैसे कमी पण वेळ आहे, जो दुपारपासून रांगेत उभा राहील, तो वादकांच्या सगळ्यात जवळ. आपल्याकडं कुठल्याही कार्यक्रमाला पुढच्या दोन रांगा सोफ्याच्या, पाहुण्यांच्या, आणि त्यातले निम्मे येतच नाहीत. रांगेत माझ्या पुढं एक आजोबा होते, चाळीस वर्षं येतायत म्हणाले. मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, ते त्यांनी ओळखलं आणि आज काय वाजणार, कुठं टाळ्या वाजवायच्या नाहीत, कुठल्या बाजूला उभं राहिलं की सेलो नीट ऐकू येतो, सगळं सांगितलं. नाव विचारलं नाही, मी पण नाही विचारलं. आत गेल्यावर बोट करून मला माझी जागा दाखवली आणि स्वतः त्यांच्या नेहमीच्या जागी गेले. त्यानंतर करोनाचा काळ सोडला तर दर वर्षी गेले मी.

त्याच वर्षी ऑलिम्पिक होतं. स्टेडियमची तिकिटं मिळाली नाहीत, पण मॅरेथॉन रस्त्यावरनं जाते आणि रस्ता सगळ्यांचाच, त्यामुळं १२ ऑगस्टला ती फुकटात बघितली. पुढं बरीच वर्षं एप्रिलला लंडन मॅरेथॉन बघायला ग्रीनिचला जायचे. लोक छातीवर स्वतःचं नाव लिहून पळतात आणि दोन्ही बाजूंची माणसं नाव वाचून ओरडतात, चल डेव्हिड, चल सारा. ज्याला कधी बघितलं नाही, परत बघणार नाही, त्याला नावानं हाक. सगळ्यात जास्त ओरडा शेवटच्या लोकांना, जे पळत नसतात, ओढत असतात स्वतःला. पहिल्या वर्षी मी नुसती उभी होते. दुसऱ्या वर्षी माझ्या तोंडातनं पण आवाज निघाला.

आता मुद्द्यावर येते. २०१८ ला आई आली होती माझ्याकडं. तिला त्याच्या आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा पाय चालत नाही, व्हीलचेअर लागते. दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी ट्रफल्गार स्क्वेअरला दिवाळी असते, स्टेज, गरबा, खायचे स्टॉल, सगळं विनातिकीट. तिला न्यावं की नको, चार दिवस विचार केला. शेवटी नेलं. बस आली, ड्रायव्हरनं बटण दाबलं तशी फुटपाथकडं झुकली, मधल्या दारातनं उतार बाहेर आला, खुर्ची आत, सगळी बस थांबलेली आणि कुणी हूं का चूं केलं नाही. चौकात पोचलो तर ही गर्दी. मी आपली कडेला थांबले, आवाज तरी ऐकू दे तिला म्हणून. तर पिवळ्या जॅकेटातला एक पोरगा आला, खुर्ची बघितली, या माझ्यामागनं म्हणाला आणि थेट स्टेजच्या बाजूला नेलं, तिथं खुर्चीवाल्यांसाठी जागा राखून ठेवलेली होती. पुढं कुणी उभं राहत नाही तिथं. आईनं दोन तास गरबा बघितला. घरी येताना मला विचारते, "किती पैसे दिलीस त्या पोराला?" पैसे नाही दिले आई, ती जागा तुझीच होती म्हटलं. बराच वेळ काही बोलली नाही.

आणि आता आम्ही सोलापुरात आहोत. आईनं गड्ड्यातला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं लग्न, शेवटचा बघितला २०१६ ला. टीव्हीवर बघते, पण १४ जानेवारीला सकाळी अंघोळ करून हातात अक्षता घेऊन टीव्हीपुढं बसते आणि संमतीचं "दिड्डम" म्हटलं की त्या टीव्हीवर टाकते. मागच्या जानेवारीत हे बघितलं आणि मला सहन झालं नाही. यंदा तिला न्यायचंय. व्हीलचेअर घेऊन कुणी गेलंय का? कुठनं जायचं, किती वाजता, कुणाला सांगायचं? मला खरंच माहीत नाही, तेरा वर्षांत माझ्याच गावाचे रस्ते बदललेत.

---

बाळीवेसकर | २ डिसेंबर, रात्री ११:२५

ताई, काकू टीव्हीवर अक्षता टाकतात ते वाचून थांबलो जरा. माझी आजी पण तसंच करायची.

होईल की, का नाही होणार. पण संमती कट्ट्याजवळ, जिथं लग्नाची संमती वाचतात तिथं, खुर्ची घेऊन जायचा विचार सोडा, तिथं सकाळपासनं लोक बसलेले असतात, पाय ठेवायला जागा नसते. दुपारी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, आले की मागनं जो लोंढा येतो त्यात धडधाकट माणूस हलतो. उद्या सविस्तर लिहितो.

---

कडक_भाकरी | ३ डिसेंबर, सकाळी ८:१०

मी अजून लंडनलाच आहे, हौन्स्लोला. ताईंचं सगळं पटलं, पण नवीन कुणी वाचत असेल तर एवढं वाचून तिथं सगळं आलबेल आहे असं समजू नये म्हणून लिहितोय. निम्म्याहून जास्त ट्यूब स्टेशनांना अजून जिनेच आहेत. १८६३ सालची ट्यूब ती, लिफ्ट कुठं कुठं घालणार. माझा मुलगा लहान असताना बाबागाडी उचलून किती जिने चढलोय त्याला हिशोब नाही. बस चांगल्या आहेत हे खरं, आणि काळ्या टॅक्सीत खुर्ची सरळ आत जाते, पण टॅक्सी खिशाला परवडत नाही.

दुसरं म्हणजे तिथं प्रत्येक गोष्ट महिने महिने आधी ठरवावी लागते. "चल जाऊ या आत्ता पार्कात भेळ खायला" हे नाहीच तिथं. मित्राला भेटायचं तर तीन आठवड्यांनंतरचा रविवार. हे मला अजून जमत नाही, चौदा वर्षं झाली.

नॉटिंग हिल कार्निव्हलला गेला होतात का?

---

सातरस्ता | ३ डिसेंबर, सकाळी ९:०२

@कडक_भाकरी बरोबर आहे तुमचं, जिन्यांचा त्रास आम्हालाही झाला, म्हणून तर बसनं गेलो.

कार्निव्हलला एकदाच गेले, ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी. रविवार लहान मुलांचा असतो, तेव्हा जायला पाहिजे होतं असं नंतर वाटलं. दुकानांना प्लायवूड ठोकलेलं, रस्ताभर स्पीकरच्या भिंती, मक्याची कणसं आणि जर्क चिकनचा धूर. मी स्टील पॅन पहिल्यांदा ऐकलं तिथं. तेलाच्या पिंपाचं वाद्य, त्रिनिदादचं, आणि पंचवीस-तीस जण एकदम वाजवायला लागले की आपल्या हलगीसारखंच थेट छातीत वाजतं. नंतर वाचलं की १९५८ ला तिथं काळ्या लोकांवर हल्ले झाले, दंगल झाली, आणि त्यानंतर क्लॉडिया जोन्स नावाच्या बाईनं १९५९ च्या जानेवारीत, म्हणजे कडाक्याच्या थंडीत, एका हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. रस्त्यावर आला तो १९६६ ला. मार खाल्लेल्या लोकांनी उत्तर म्हणून नाच सुरू केला. हे कळल्यावर त्या गर्दीकडं मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

---

पूर्वभाग | ३ डिसेंबर, दुपारी १:४५

मॅरेथॉनचं वाचताना मला एकदम कोजागरी आठवली ओ ताई. मॅरेथॉन ४२ किमी १९५ मीटर. सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५. आमची अम्मा दर कोजागरीला चालत जाते, साठीच्या पुढं गेलीय, चप्पल नाही पायात. रस्ताभर दोन्ही बाजूला माणसं उभी, कोण केळी द्यायलाय, कोण चहा, कोण पाय चेपून मलम लावायलाय, आणि कुणी कुणाला वळखत नाही. छातीवर नाव नसतंय एवढंच, "आई राजा उदो उदो" म्हटलं की झालं, सगळ्यांना एकच नाव.

मी स्वतः तीन वर्षं रात्री तिथं चहाच्या मंडपात असतो. पहाटे तीन-चारला जी माणसं येतात ना, लंगडत लंगडत, तुम्ही म्हटलात तसंच, आमची पोरं त्यांच्यासाठीच सगळ्यात जोरात ओरडतात.

---

सातरस्ता | ३ डिसेंबर, दुपारी २:१०

@पूर्वभाग अंगावर काटा आला वाचून. इतकी वर्षं ग्रीनिचला उभी राहिले, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. पुढच्या कोजागरीला तुमच्या मंडपात चहा वाटायला येते, खरंच येते.

---

होममैदान | ३ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. गड्डा हा इव्हेंट नाही. तिथं आयोजक, सुरक्षारक्षक, तिकीट, झोन असलं काही आलं की त्यातला जीव जातो. बाराव्या शतकापासनं सिद्धरामेश्वरांचं हे गाव आहे, कुंभारकन्येचा योगदंडाशी विवाह लागतो आणि सगळं सोलापूर वऱ्हाडी असतं. लग्नाला वऱ्हाड दाटीवाटीनंच बसतं. कानडी, तेलुगू, मराठी, मुसलमान, सगळे एकमेकांना चिकटून उभे असतात तेच तर गड्ड्याचं खरं रूप. बॅरिकेड लावून चौकोन पाडले की कोण आतला, कोण बाहेरचा हे सुरू होईल आणि त्या चौकोनात शेवटी वशिल्याची माणसं बसतील.

---

बाळीवेसकर | ३ डिसेंबर, रात्री ९:५०

@होममैदान वशिल्याचं म्हणता ते खरंय, ती भीती मलापण आहे. पण वऱ्हाडात म्हातारी माणसं असतातच की, आणि लग्नात त्यांना आपण पहिल्यांदा खुर्ची देतो. नवरीची आजी मांडवाबाहेर राहिली तर चालेल का तुम्हाला?

ताई, आता तुमचं. माझा असा सल्ला आहे की १४ च्या आधी १३ चा विचार करा. १३ ला ६८ लिंगांना तैलाभिषेक असतो, सातही नंदीध्वज गावातनं फिरतात. उत्तर कसब्यातनं निघून माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा असं देवळाकडं येतात. लंडनमध्ये आपण कार्यक्रमाकडं जातो, इथं नंदीध्वज आपल्या दारात येतात, हे विसरू नका. माझ्या मामांचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावरच आहे, ओटा आहे, दोनच पायऱ्या, फळी टाकून खुर्ची वर घेऊ. सकाळी साडेसातच्या आत या, नंतर रस्ता बंद. घरात बायका आहेत, बाथरूम खालीच आहे, काकूंची काही अडचण होणार नाही. मेसेजमध्ये पत्ता पाठवतो.

---

शेंगाचटणी | ३ डिसेंबर, रात्री १०:१५

१३ चं छान आहे, पण आईंना अक्षता टाकायच्यात ना. ओट्यावरनं नंदीध्वज बघणं वेगळं आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" कानावर पडल्यावर हात वर करणं वेगळं. १४ ला न्याच. मी नर्स आहे, दोन गोष्टी सांगते. खुर्चीचे ब्रेक आधी तपासून घ्या, आणि पुढची छोटी चाकं मातीत रुततात, त्यामुळं माती-खडीत खुर्ची उलटी करून मागं ओढत न्यायची, पुढं ढकलायची नाही. बीपीची गोळी चुकवू नका, आणि आईंना उपाशी ठेवू नका. जानेवारी असला तरी बारानंतर ऊन चटका देतंय, डोक्याला सुती पंचा ठेवा. आणि बरोबर तीन माणसं पाहिजेत, दोघांत होत नाही.

---

कडक_भाकरी | ४ डिसेंबर, सकाळी ७:५५

मी ८ जानेवारीला येतोय सोलापूरला. तिसरा माणूस मी.

---

सातरस्ता | ४ डिसेंबर, सकाळी ८:३०

काय बोलू. आईला वाचून दाखवलं सगळं. म्हणाली, "त्या नर्सबाईला सांग, मी उपाशी राहणार नाही."

---

सातरस्ता | १५ जानेवारी, रात्री ११:०५

जाऊन आलो. दोन्ही दिवस.

१३ ला बाळीवेसकरांच्या मामांच्या ओट्यावर सकाळी सातला पोचलो. मामींनी आईला आधी चहा आणि शेंगापोळी दिली. नंदीध्वज आले तेव्हा सगळीकडं पांढऱ्या बाराबंद्या, "बोला बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र", आणि पहिला नंदीध्वज ओट्यापासनं फार तर दहा-बारा फुटांवर थांबला. तो कमरेच्या पट्ट्यात तोलणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा असेल, मानेच्या शिरा ताणलेल्या, घाम गळतोय आणि नजर वर शेंड्यावर. आई म्हणाली, इतक्या जवळनं तिनं लग्नाआधी बघितला होता, माहेरच्या दारात. एका काकांनी नंदीध्वजाचा बाशिंगाचा खालचा भाग तिच्या हाताला लागेल असा वाकवून घेतला का तो आपोआप कलला ते मला कळलं नाही, पण तिचा डावा हात लागला. उजवा उचलत नाही तिचा.

१४ ला मात्र कठीण गेलं. साडेआठलाच निघालो, मी, कडक_भाकरी आणि माझा चुलतभाऊ. खुर्ची उलटी ओढायची युक्ती नसती तर आम्ही मैदानाच्या कडेलाच अडकलो असतो, शेंगाचटणी ताई, तुमचे खूप आभार. देवळाच्या बाजूला जाऊच शकलो नाही. एका बंदोबस्तावरच्या पोलिसांनी एका झाडाखाली थांबा म्हणून सांगितलं, आमच्या दोन बाजूंना दोरी धरून चार पोरं उभी केली, कॉलेजची असतील, बाराबंदीतली. तिथनं संमती कट्टा दिसत नाही. नुसती डोकी दिसतात आणि नंदीध्वजांचे शेंडे. स्पीकरवरनं आवाज येत होता.

साडेबाराच्या सुमारास आईला स्वच्छतागृहाला जायचं होतं आणि तिथनं कुठं जाणार? तिनं एक तास कळ काढली. एक तास. मला थेम्सच्या काठावरची ती रात्र आठवली, पण मी तेव्हा अठ्ठावीसची होते आणि ती त्र्याहत्तर आहे.

मग संमती वाचन सुरू झालं. पहिल्या "दिड्डम"ला तिच्या हातातल्या अक्षता पुढच्या माणसाच्या पाठीवर पडल्या, त्यानं मागं वळून बघितलं, खुर्ची बघितली आणि तो बाजूला सरकला. त्याच्या पुढच्याला पण त्यानं खांद्याला हात लावून सरकवलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. कट्टा तरी दिसला नाहीच, पण तिच्या समोर दहा-पंधरा फुटांची एक वाट झाली आणि पाचव्या "दिड्डम"पर्यंत तशीच राहिली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

@होममैदान तुमची दाटीवाटी मी बघितली, आणि तिनं काय केलं तेही बघितलं. तरी मला पुढच्या वर्षी इथं खुर्चीवाल्यांसाठी राखलेली जागा पाहिजे. फक्त आईसाठी नाही, त्या झाडाखाली आमच्याशेजारी आणखी दोन खुर्च्या येऊन थांबल्या होत्या आणि एक अंध गृहस्थ मुलीबरोबर होते. चौकोन नको, खुर्च्या उभ्या राहतील एवढी सपाट केलेली जमीन, तिथपर्यंत यायला एक वाट आणि दोरी धरायला पोरं, एवढंच. देवस्थान आणि महापालिका दोघांना फेब्रुवारीत अर्ज देते, डिसेंबरपर्यंत थांबत नाही. मसुदा लिहिलाय, उद्या इथं टाकते, दुरुस्त्या सांगा.

---

होममैदान | १५ जानेवारी, रात्री ११:४०

वाचलं ताई. अर्जावर माझी सही घ्या. मी स्वतः येऊन करतो, आणि पुढच्या वर्षी दोरी धरायला आमच्या गल्लीतली आठ पोरं देतो. भाषा एवढीच ठेवा की जागा कुणाच्या नावाची नसावी, जो खुर्चीवरनं येईल त्याची असावी.

---

पूर्वभाग | १६ जानेवारी, सकाळी ७:२०

आमच्या मंडपाची पोरं पण धरा. आज दारूकामाला येताय का? होम मैदानावर आत यायची गरज नाही, लांबच्या रस्त्यावरनंपण वरचं सगळं दिसतंय, गाडीत बसून बघता येतंय काकूंना.

---

शेंगाचटणी | १६ जानेवारी, सकाळी ७:४५

अर्जात स्वच्छतागृहाचं पहिल्या ओळीत घाला, शेवटी नको. उतार असलेलं, खुर्ची आत वळेल एवढ्या दाराचं, दार कमीत कमी तीन फूट. माझ्या सासूबाई चालतात-फिरतात, तरी सहा वर्षं गड्ड्याला आल्या नाहीत, कारण फक्त एवढंच.